वायर कोणी काढली

"बूट राहू दे रे, आत ये," विदामावशी म्हणाली. रास्तकोने तरी बूट काढलेच, आणि नाड्या सोडायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लावला. बोलायचं वाक्य त्याने बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

वाक्य साधंच होतं. मावशी, चूक माझी होती.

गावच्या वाचनालयातले फोन, कॅमेरे, नेटच्या डब्या, सगळं रास्तकोनेच बसवलं होतं. झाडू ठेवायच्या कपाटात या सगळ्यांना जोडणारा स्विच होता, जेवणाच्या डब्याएवढा. एकाच वायरीतून तो नेटही पुरवायचा आणि वीजही. गेल्या वर्षी, हिवाळ्याआधीच्या पानगळीत ग्रंथपालबाईंना अंगणात आणखी दोन कॅमेरे हवे झाले. रास्तकोने ते लावून दिले. सगळ्यांना मिळून वीज किती लागेल आणि स्विच किती देऊ शकेल, याची बेरीज मात्र केली नाही. पोरखेळासारखी बेरीज, पण राहिली.

लवकरच संध्याकाळी फोन मुके होऊ लागले. रास्तको सकाळी येऊन बघायचा, तेव्हा सगळे दिवे हिरवेगार. यंत्रात काही दोष नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं. यंत्रात नाही म्हटल्यावर तो माणसात शोधणं आलं. संध्याकाळी त्या कपाटात हात घालणारं माणूस एकच होतं, झाडलोट करणारी विदामावशी.

"नातीची शपथ घेऊन सांगते," मावशी तेव्हा कडाडली होती, "तुझ्या त्या डब्याला मी शिवलेसुद्धा नाही!"

रास्तकोला तिची दया आली होती. आज त्याला तीच दया खात होती. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी समजुतीने म्हणाला होता, "मावशी, सफाईचं मशीन लावायला त्या डब्याची वायर काढत असाल आणि मग लक्षात राहत नसेल. वयात होतं असं." हिवाळाभर फोन बंद पडत राहिले आणि हिवाळाभर तो हे सांगत राहिला. हळूहळू मावशीने वाद घालणं सोडलं. मार्चमध्ये तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि काम सोडून घरी गेली. महिनाअखेर दरवर्षीसारखी उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर पुढे झाली, तसे फोनही सुरळीत झाले. "बघितलंस?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यानेही शहाण्यासारखी मान डोलावली.

परवा हिवाळ्यासाठी घड्याळं परत तासभर मागे आली आणि फोन परत मुके झाले. या खेपेला रास्तको दिवेलागणीच्या वेळी नेमका तिथेच होता. अंगणात अंधार पडला. कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागले. त्यांनी जास्त वीज ओढली, ती पुरेना, म्हणून स्विचने सगळ्यात कमी महत्त्वाच्या वायरी बंद केल्या. फोन कमी महत्त्वाचे, हे त्याला रास्तकोनेच शिकवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात वाचनालय उजेड असतानाच बंद होई, त्यामुळे कोणाला पत्ताच लागला नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं.

मावशीने बशीत आलुबुखाराचा मुरांबा आणला, चमचा आणि पाण्याचा ग्लास. "कॉफी नाही देता यायची. शेजारीण येते तेव्हाच करते. तू बिनसाखरेची पितोस, माहितीय मला. आईचा गुडघा कसा आहे? डावा ना?"

"डावाच. बरा आहे." तिला सगळं आठवत होतं. "पण शेजारीण कशाला लागते?"

मावशीने शेगडीकडे बोट दाखवलं. शेगडीला बटणंच नव्हती.

"तिच्याकडे ठेवलीत. माझी आई शेवटी शेवटी अशीच झाली होती रे. शेगडी पेटती ठेवून अंगणात जायची. आम्हाला फार उशिरा कळलं. माझं तू वेळेवर ओळखलंस." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाकीचे नुसते डाफरले माझ्यावर. तू सांभाळून बोललास. मुलीला मी स्वतःच सांगितलं, तुझ्या पोरीला माझ्यापाशी एकटी सोडत जाऊ नकोस. ती नको म्हणत होती, रडली, पण मी ऐकलं नाही."

रास्तकोने चमचा बशीत ठेवला. घोकलेलं वाक्य निघेना, तेव्हा त्याने सगळं भडाभडा ओकून टाकलं. कॅमेरे, अंधार, न केलेली बेरीज. "तुम्ही वायर कधी काढलीच नव्हती, मावशी! फोन परवाही बंद पडले, आणि तुम्ही तर तिथे नव्हता! तुम्हाला काही झालेलं नाही. मी गाढव आहे. उद्या सगळ्यांदेखत सांगतो. तुम्ही परत या."

मावशी उठली. आता शिव्या बसणार, असं त्याला वाटलं. बसाव्यात, अशी त्याची फार इच्छा होती.

तिने त्याच्या ग्लासात पाणी भरलं आणि मायेने हसली.

"किती गुणाचा रे तू. माझं मन राखायला एवढ्या लांब आलास. पण उगाच अंगावर घेऊ नकोस, नोकरी जाईल तुझी. आधी मला आठवत नव्हतं, म्हणून तुझ्याशी भांडले. आता अगदी स्वच्छ आठवतंय. रोज संध्याकाळी मीच काढायचे ती वायर."