केडब्ल्यूडी ऐंशी

“ऐंशी! अख्ख्या महिन्याला ऐंशी!” चाळीच्या गॅलरीत उभा राहून रामजी हातातलं पत्र फडकावत होता. “त्यापेक्षा घरी बसून उपाशी मरतो ना!”

गॅलरी खदखदून हसली. गिरण्यांच्या संपाला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. डिलाईल रोडवर हसायला तेवढं निमित्त पुरत होतं. पत्र कुवेतच्या कापड कारखान्याचं होतं. रामजीची बारा वर्षं मागावर गेलेली. एजंटाने त्याचं नाव कळवलं आणि तिकडून बोलावणं आलं. पण पगार ऐंशी! मिलमध्ये दुसऱ्याच्या जागी बदलीवर लागणारा कामगारही याहून जास्त घरी न्यायचा.

त्याची बायको मालनही हसली. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. कागद एवढा जाड, टायपिंग एवढं सुबक, विमानाचं तिकीटही कंपनीचं. आणि पगार ऐंशी? आकड्याच्या आधी तीन इंग्रजी अक्षरं होती. दुसऱ्या दिवशी दादरला पोळ्या करायला निघताना तिने पत्र पिशवीत टाकलं.

तिथल्या मृणालिनीताई बँकेत होत्या, परदेशी चलनाच्या खात्यात. डबा भरता भरता त्यांनी पत्रावर नजर टाकली.

“केडब्ल्यूडी. अगं, हे रुपये नव्हेत. प्रत्येक देशाच्या पैशाला अशी तीन अक्षरं ठरलेली असतात. बहुतेक वेळा पहिली दोन देशाची, तिसरं पैशाचं. केडब्ल्यू म्हणजे कुवेत, डी म्हणजे दिनार. आपला रुपया आयएनआर.”

“मग ऐंशीचे किती?”

“पावणेतीन हजार तरी होतील.”

तव्यावरची पोळी करपली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी उरलेली कणीक झाकून ठेवली आणि म्हणाल्या, “पळ आता.”

मालन बससाठीही थांबली नाही. वाटेतच तिने सगळं ठरवून टाकलं. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन. गावच्या घरावर नवी कौलं. स्वतःला एक साडी. नाही, दोन.

रामजी खोलीत एकटाच स्टोव्हला पिन करत बसला होता.

“अहो, रुपये नाहीत ते! दिनार आहेत! पावणेतीन हजार!”

रामजीने मान वर केली नाही. “ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. एजंटाने सांगितलं होतं.”

“मग गॅलरीभर ऐंशी ऐंशी करत नाचलात कशाला?”

त्याने पिन खाली ठेवली. “तीन वर्षं, मालन. मधे एकदाही घरी सोडत नाहीत. तुला खरं सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. आणि तू म्हटलंस की मला जावंच लागलं असतं.”

दादरपासून मालन तेच सांगायला धावत आली होती.

ती त्याच्यासमोर खाली बसली. दोन्ही साड्या गेल्या. कौलंही गेली. ऑपरेशन मात्र तिने सोडलं नाही.

“उद्यापासून पहाटे भायखळ्याला जायचं,” ती म्हणाली. “भाजी आणायची, नाक्यावर बसून विकायची. दोघांनी. लाजायचं नाही.”

“नाही लाजणार.”

तेवढ्यात शेजारची शेवंता दारातून डोकावली. “काय गं, एवढी पळत आलीस ती? पत्राचं काय कळलं का?”

“काही नाही गं,” मालन म्हणाली. “रुपयेच आहेत ते.”