गोफणीचा पल्ला

अजिनाथचा मेंढपाळ तिसऱ्यांदा मेला, तेव्हा प्रांजलीनं फासे गोळा केले आणि खेळ थांबवला. चूक त्याची नव्हती, तिच्या नियमांची होती. राक्षसांचा आणि गडांचा हा खेळ तिनं स्वतः रचला होता. वहीत काढलेल्या नकाशावर तो फासे टाकून खेळायचा. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि पात्राच्या पेशाप्रमाणं त्याला हत्यार मिळायचं. योद्ध्याला तलवार, वैदूला कोयता, मेंढपाळाला नुसती काठी. काठीवाला पहिल्याच झटापटीत मरायचा.

प्रांजली, अजिनाथ, सुदर्शन आणि मोनिका हे चौघंही शेंद्र्याच्या एकाच कारखान्यात कामाला होते. रविवारी दुपारी अजिनाथच्या दोन खोल्यांत जमायचे. सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून सुदर्शन आणि मोनिका प्यायचं पाणी घरून आणायचे. अजिनाथचे वडील त्रिंबक, सगळ्यांचे आबा, दाराशी भिंतीला टेकून बसलेले असत. ते आता एका गेटवर वॉचमन होते. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची दीडशे मेंढरं होती.

मेंढपाळाला गोफण द्यावी, असं अजिनाथनं सुचवलं. आबांचा दगड शंभर पावलांवर बसायचा, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. प्रांजलीला पटलं. तिनं वहीत लिहिलं, गोफण, पल्ला शंभर पावलं, मार तलवारीइतका.

सुदर्शन योद्धा खेळायचा. त्याला हे मान्य नव्हतं. त्याच्या योद्ध्याला शत्रूच्या अंगाला भिडावं लागतं, प्रत्येक घावाला उलटा घाव बसू शकतो. मेंढपाळ मात्र टेकडीवर बसून दगड टाकणार आणि त्याला कुणी हात लावू शकणार नाही.

"मग तोल कुठं राहिला?" तो म्हणाला. "जवळून मारणाऱ्याचा जीव जातो. दुरून मारणाऱ्याचं काय जातं?"

प्रांजली विचारात पडली. दगड मोजकेच द्यावेत का, असं तिनं विचारलं. मोनिकाचं म्हणणं होतं की दगड निम्म्या वेळा चुकला पाहिजे, लांबचा नेम चुकतोच.

"चुकत नाय," त्रिंबक दारातून म्हणाले. ते कधी खेळात बोलत नसत. "नेम बराबर बसतो. कुणाला बसला, ते दिसत नाय."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या दुष्काळात त्यांचा कळप जालना रोडच्या पलीकडं एका पाझर तलावाशी बसला होता. तळाला डबक्याएवढं पाणी उरलं होतं. दोन दिवस लांडगा कोकरं नेत होता. तिसऱ्या पहाटे, नीट उजाडलं नव्हतं, पाण्याशी काहीतरी वाकलेलं हललं. त्यांनी गोफण फिरवली. ओरडणं आलं ते माणसाचं. एक बाई वाकून हंडा भरत होती. ते निम्म्या वाटेपर्यंत धावले. तिच्या चेहऱ्यावर दाबलेल्या बोटांतून रक्त गळताना त्यांनी पाहिलं, वस्तीवरून माणसं येताना पाहिली, आणि तिथूनच मागं फिरले. दिवस वर यायच्या आत कळप हाकून दूर नेला. पुढं लासूरच्या बाजारात कुणीतरी सहज बोललं, की त्या बाईचा डोळा गेला. त्याच बाजारात त्यांनी सगळी मेंढरं विकली.

अजिनाथ त्यांच्याकडं बघतच राहिला. चारा नव्हता म्हणून कळप विकला, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं.

"चाऱ्यापायी नाय रं, डोळ्यापायी विकली," त्रिंबक म्हणाले. "म्हणलं, फिटलं."

मोनिकानं हळू आवाजात तलावाची खूण विचारली. बांधावर वीज पडून जळालेला निंब होता, असं ते म्हणाले. तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"ती माझी आई," ती म्हणाली. "आणि फिटलं नाही, आबा. त्या दिवशी पाण्याच्या राखणीला माझा चुलता होता. आई आपली पाण्याची पाळी नसताना गेलेली. दगड त्यानंच मारला, असं ती धरून बसलीय. काकानं देवळात शपथ घेतली, तरी तिनं ऐकलं नाही."

त्रिंबक भिंतीचा आधार घेत उठले आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर घालून अजिनाथला म्हणाले की गाडी काढ. वही तशीच उघडी राहिली.

मोनिकाची स्कूटी पुढं आणि अजिनाथची मोटरसायकल मागं, असे ते निघाले. ज्या माळावर मेंढरं बसायची, तिथं आता प्लॉटिंगचे सिमेंटचे खांब रोवलेले होते. जळका निंब दिसेपर्यंत त्रिंबकांना काही ओळखू आलं नाही.

मोनिकाची आई, द्वारकाबाई, अंगणात ज्वारी निवडत बसली होती. अंगणाच्या मधोमध छातीएवढी विटांची भिंत होती. पलीकडं दीर नानासाहेबांचं घर. मोनिकानं बसायला सांगितलं, पण त्रिंबक बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"बाई, दगड माझा व्हता," ते म्हणाले.

बाकीचं त्यांनी उभ्यानंच सांगितलं. काही गाळलं नाही, पळून गेल्याचंही नाही. द्वारकाबाई मान किंचित वळवून, चांगला डोळा त्यांच्यावर ठेवून ऐकत होती. तिचे हात सुपात थांबले होते. पोलिसांत द्या, गाव गोळा करा, मी कुठं जात नाय, असं त्रिंबक शेवटी म्हणाले.

द्वारकाबाईनं सूप बाजूला सारलं, ओटीतलं भुसकट झटकलं आणि उठून डोक्यावर पदर घेतला.

"तुमचं मागून बघू," ती म्हणाली. "आधी मला दिराच्या घरी जाऊन येऊ द्या."