ओहोटीला गाडी, भरतीला होडी

"ओहोटीला गाडी, भरतीला होडी. दोन्ही आपल्या मुठीत," स्टिअरिंगवर थाप मारत आत्माराम म्हणाला. "अनिल सात जन्म शोधत बसला तरी आपला पत्ता लागायचा नाय."

मागच्या सीटवर मच्छीमार सोसायटीचे तीन संचालक दाटीवाटीने बसले होते. एका दाराशी ट्रॉलरवाला भागोजी, दुसऱ्या दाराशी बर्फाच्या कारखान्यातला लवू आणि मध्ये मांडीवर पिशवी घेऊन हौसाकाकी. काकी महिला राखीव जागेवरची. मीटिंगला तिला सहीपुरतीच बोलवत.

सोसायटीचे संचालक तसे सात. त्यातले दोघे मुंबईला, ते गणपतीशिवाय गावात दिसत नसत. उरले पाच. उद्या सकाळी अकराला या पाचांतून चेअरमन निवडायचा होता. समोर उभ्या अनिलला स्वतःचं मत होतंच. त्याने आणखी दोघे फोडले की काम झालं. आत्माराम याआधी दोनदा एकेका मताने पडला होता. बायको आता त्याला घरातसुद्धा 'माजी उमेदवार' म्हणायची. म्हणून या खेपेला त्याने तिघांना उचलून खाडीतल्या बेटावर, मेहुण्याच्या होमस्टेला, सहलीला काढलं होतं. अनिलचा फोन नको म्हणून तिघांचे मोबाइल बिस्किटांच्या डब्यात घालून डिकीत ठेवले होते. शेजारी स्वतःचाही ठेवला, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

बेटाकडे जाणारा दगडी बांध फक्त ओहोटीला उघडा पडे. बांधाच्या बरोबर मध्यावर गाडीचं पुढचं चाक घसरलं आणि चिखलात बसलं. भागोजी आणि लवू मागून ढकलत राहिले, आत्माराम एक्सिलरेटर दाबत राहिला, आणि चाक शांतपणे खाली जात राहिलं.

"शेठ, पाणी भरतंय," हौसाकाकी म्हणाली.

"अजून तासभर हाय, वैनी."

"माझ्या घोट्याला लागलं ते काय हाय मग?"

शेवटी चौघे चप्पल हातात घेऊन चालत बेटावर पोचले. वळून बघतात तर पाणी गाडीच्या दारांपर्यंत आलेलं. तेव्हा डिकीतला डबा आत्मारामला आठवला. थोड्या वेळाने पाणी काचांना लागलं आणि गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. तो थांबेचना. पलीकडच्या काठावर बायकापोरं जमली. एकाने दुर्बीण आणली.

"लपायला जागा बेस काढलीत," हौसाकाकी म्हणाली. "पूर्णगडापर्यंत ऐकू गेलं असंल."

दिवेलागणीला बॅटरी बसली तेव्हा हॉर्न थांबला. आत्मारामच्या कानातला थांबला नाही. त्याला आता खाडीतली प्रत्येक होडी अनिलची वाटू लागली. तो पडवीत येरझाऱ्या घालू लागला. मेहुणा संदेश म्हणाला, "भावजी, बसा. लादी झिजंल."

बसण्याऐवजी आत्माराम भागोजीला विहिरीमागे घेऊन गेला. "चेअरमन मी, व्हाइस चेअरमन तू. कुणाला बोलू नको." भागोजीने मान हलवली. मग लवूला माडाखाली नेऊन तेच सांगितलं. मग स्वयंपाकघरात गेला. तिथे हौसाकाकी कोळंबी सोलत होती, कारण संदेशची स्वयंपाकाची बाई हॉर्न बघायला कुणाच्या होडीने पलीकडे गेली ती तिकडेच गर्दीत रमली. काकीने त्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ कुठं ठेवलंय?"

जेवणं झाली तरी तिघं पडवीतच बसून राहिले. फोन नाही, टीव्ही नाही. आत्माराम जवळ आला की बोलणं थांबे.

"काय चाललंय?"

"तुमच्याविषयीच बोलतोय, शेठ," लवू म्हणाला.

"चांगलं की वाईट?"

"लय मनापासून," भागोजी म्हणाला.

आत्मारामला बरं वाटलं. तरी त्याने चौघांच्या चपला उशाशी घेतल्या.

सकाळी होडीत बसले तेव्हा साडेआठ झाले होते. पाव खाडी गेल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. संदेशने दोरी ओढली ती तुटून त्याच्या हातात आली. आत्माराम डोकं धरून बसला. पण बाकीचे तिघे गप्प बसेनात. भागोजीने वल्हं घेतलं, दुसरं हौसाकाकीने. लवू डब्याने पाणी उपसत होता आणि मिनिटामिनिटाला संदेशला वेळ विचारत होता.

"शेठ, सरका. वल्ह्याला लागताय," काकी म्हणाली. "अकरा चुकलं तर सगळं पाण्यात जाईल."

आत्मारामसाठी एवढी धावपळ सख्ख्या भावंडांनीही कधी केली नव्हती. आपण उगाच संशय घेतला असं त्याला वाटलं, आणि त्याने तिघांची तोंडभरून माफी मागितली.

"नंतर मागा," भागोजी धापा टाकत म्हणाला.

काठावर लवूने कारखान्याचा टेम्पो अडवला. बर्फाच्या लाद्यांवर बसून, मागून भिजून, चौघे अकराला पाच मिनिटं असताना सोसायटीच्या ऑफिसात पोचले. अनिल एकटाच चहा पीत बसला होता.

"काल हॉर्न झकास वाजत होता, आत्माराम."

"वाजणारच. विजयाचा होता," आत्माराम म्हणाला आणि खुर्चीत बसला. खुर्ची ओली झाली.

तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. ज्याला चेअरमन करायचं त्याचं नाव लिहा, घडी घाला, डब्यात टाका. आत्मारामने सगळ्यात आधी टाकली आणि तिघांकडे बघून प्रेमाने हसला. तिघंही हसले.

अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. पहिलीवर हौसा. दुसरीवर हौसा. तिसरीवर हौसा. चौथीवर अनिल. पाचवीवर आत्मारामचं नाव होतं, पण ती बाद झाली. खाली त्याने तारखेसकट सही ठोकली होती आणि सहीखाली 'चेअरमन' असं लिहिलं होतं.