पाहुणचाराची कतला

साहेबानं लबाडी केली. अंधारात नाही की कोणाच्या आडून नाही. हथखोजच्या तळ्यावर, भर उन्हात, महिला गटाच्या बाया समोर बसल्या असताना केली.

तो सरकारी खात्यातून मासोळी मोजायला आला होता. वरच्या कारखान्याचा नाला तळ्यात सुटला तेव्हापासून मासोळी वाढत नाही, अशी गटाची तक्रार. माप कमी भरलं तर नाला बंद होणार, बरोबर भरलं तर तक्रार मरणार. एवढाच सरळ हिशेब. म्हणून गटाची अध्यक्ष चंपा सकाळीच जाळं टाकून मोकळी झाली होती. गेल्या पावसाळ्यात सोडलेल्या बीजाची मासोळी घमेलं भरून समोर ठेवली होती. वर्ष उलटलं तरी वीतभर नाही. डोकं तेवढं मोठं, मागचं अंग वाळल्या शेंगेसारखं.

बाजूच्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली दोन कतला मासोळ्या होत्या. नाला यायच्या आधीच्या, खोल पाण्यात टिकून राहिलेल्या, मांडीएवढ्या जाड. त्या मोजायसाठी नव्हत्या. साहेब शहरातल्या स्मृति नगरचा, घरी आपलीच बोली बोलणारा. त्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणून गटातल्या शकुबाईनं हट्टानं धरून ठेवल्या होत्या.

साहेबानं घमेल्याकडे पाहिलं. मग टोपलीवरचं गोणपाट उचललं.

"वा मावशी, काय माल आहे!"

आणि त्यानं कतला उचलून सरळ मापाच्या फळीवर आडवी केली. तोंडापासून शेपटीपर्यंत पट्टी लावली, काट्याला टांगली, फोटो काढला. मग दुसरी.

चंपा हसली. तिला वाटलं, गंमत करून राहिला.

"साहेब, ते तुमच्या घरी न्यायचं होय जी. मापाची मासोळी इकडं आहे."

इतका वेळ मराठी बोलणारा माणूस एकदम हिंदीवर गेला. "मछली इसी तालाब की है ना?"

"हो. पण जुनी आहे. नाला नव्हता तवाची."

"उमर मछली के माथे पे लिखी है क्या?"

"तिच्या नाही," शकुबाई म्हणाली, "तुमच्या तं साफ लिहिलेली दिसून राहिली."

बाया खिदळल्या. साहेब नाही हसला. मोबाइल तोंडाशी धरून नोंद बोलला, "ग्रोथ नॉर्मल." झालं. वर्षभराची तक्रार दोन शब्दांत गाडली.

चंपाच्या डोक्यात सणक गेली. आधी ती शकुबाईवरच फिरली. "तुले कोणं सांगितलं होतं मानपान कराले?"

"पाहुणा समजली मी, बाई." शकुबाईचं तोंड एवढंसं झालं.

चंपानं घमेलं उचललं आणि फळीजवळ आदळलं. "हे मोजा."

"सॅम्पल हो गया, अम्मा."

"हे बी याच तळ्याचं आहे न? कावून नाही मोजत?"

"छोटी-बडी तो हर तालाब में होती है. दाना बराबर डाला करो."

दाणा! कोंडा अन् पेंडीची ढेप वाहून वाहून बायांचे खांदे सोलले, आणि मासोळी उपाशी ठेवल्याचा आळ त्यांच्यावरच. तेवढ्यात ड्रायव्हरनं दोन्ही कतला गाडीतल्या बर्फाच्या डब्यात टाकल्या. न सांगता, न विचारता. सवयीचा माणूस.

चंपा गाडीकडे गेली. डब्याचं झाकण उघडलं, कतला कल्ल्यांत बोटं घालून बाहेर ओढल्या आणि शकुबाईच्या ओटीत टाकल्या. "नेऊन शिजव. घरच्यांले घाल."

मग ती साहेबाची फळी अन् घमेलं घेऊन गाडीच्या पुढ्यात मातीत बसली. मागून एकेक बाई येऊन बसली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. कोणी हललं नाही.

तोवर गाडीत चढून बसलेल्या साहेबानं काच खाली करून मान बाहेर काढली. आता मराठी परत आली. "उठा न मावशी. माझ्या हातात काहीच नाही."

"मंग मोजली कोणाच्या हातानं?"

चंपानं घमेल्यातली एक मासोळी घेतली, फळीवर नीट सरळ केली, शेपटी अंगठ्यानं पसरली. पट्टीवरचा आकडा तिच्या बोटाखालीच थांबला होता. तिनं तो मोठ्यानं वाचला. मग मासोळीसकट फळी साहेबाच्या तोंडासमोर धरली.

"माप मी घेतलं. तुम्ही एवढंच सांगा, वर्षभर आमी हिले चारलं, तं हिची वाढ कोणं खाल्ली?"