तेवढीच गाठ

“तेवढीच आहे म्हणता, आणि वरून हसता? मंग मुंबईला सव्वा महिना शेक दिला, तो काय गंमत म्हणून?”

चुडामणनं दोन्ही फोटो डॉक्टरांच्या हातातून ओढले आणि खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले. मागच्या सालचा आणि आजचा. शाळा त्यानं आठवीतच सोडली होती, पण नजर तेज. आबांच्या डोक्यातला तो पांढरा ठिपका चिंचोक्याएवढा. दोन्हीत सारखाच.

जळगावचे ते डॉक्टर वयस्कर होते. चिडले नाहीत. “अरे, ही साधी गाठ. कॅन्सर नव्हे. नसेला चिकटलेली, म्हणून कापली नाही, किरणांचा शेक दिला. शेकानं ती नाहीशी होईलच असं नाही. वाढायची थांबते. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी वाळली, तरी शेतात उभी राहतेच ना? उंच होते का?”

“पाणी भेटलं तर परत फुटून फरदड येते,” चुडामण फटकन बोलला.

“म्हणूनच दरसाल फोटो काढायचा. परत फुटते का ते बघायला. तेवढीच राहिली म्हणजे आपण जिंकलो.”

चुडामणचा पारा जरा उतरला. कोपऱ्यात त्याचे वडील, धनसिंगआबा, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे न बघता त्यानं आवाज खाली आणला.

“आणि तो शेक अंगातनं बाहेर पडतो, ते कधी थांबंल?”

“कोण म्हणालं बाहेर पडतो?”

“मी बघितलंय ना. शेक देताना सगळे बाहेर पळायचे. हे जाड दार लावायचे. आत आबा एकटे. काही नसतं तर पळाले असते का? म्हणून वर्ष झालं, आबांना मळ्यातल्या झोपडीत ठेवलंय. घरात भावाची लहान लेकरं. म्हटलं गाठ गेली की आणू घरी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मशीन बंद, की शेक बंद. बॅटरी विझवल्यावर भिंतीवर उजेड राहतो का? मागच्या खेपेलाच मी तुझ्या वडलांना हे सांगितलं होतं.”

चुडामण वळला. “आबा, तुमले माहीत व्हतं?”

“तुले सांगेल व्हतं,” आबा म्हणाले. “तू म्हने, डाक्टरले काय समजस. भाऊ तुना सुरतले. घरमा वाद नको म्हनीसन मी चुप ऱ्हायनू.”

एसटीत चुडामण खिडकीला तोंड लावून बसला. वहिनी डबा बांधावर ठेवून मागं फिरायची. तसं त्यानंच बजावलं होतं. आखाजीच्या सणाला घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा आबा बांधावरच्या लिंबाखाली एकटे खापराची पोळी खात होते. लांबून त्यानं ते बघितलं होतं, आणि मान फिरवली होती.

धरणगावच्या पुढं फाट्यावर गाडी थांबली. आबा सवयीनं मळ्याच्या वाटेला लागले. चुडामणनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“घर चाला, आबा.”

आबा वळले. गाव दिसायला लागलं तसा त्यांचा पाय भरभर उचलायला लागला. घराच्या ओट्याच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली.

ओट्यावर भावाचा धाकटा निंबा खेळत होता. चालायला नुकताच शिकलेला. तो आबांना ओळखतसुद्धा नव्हता, तरी हसला आणि हात पसरून डुगडुगत निघाला. आबा खाली वाकले.

तेवढ्यात आतून त्याची बहीण शेवंता धावत आली. पाच वर्षांची पोर. तिनं भावाचा सदरा मागून धरला, त्याला फरफटत दारापर्यंत ओढलं आणि बोट नाचवत, थेट चुडामणसारखे डोळे वटारून त्याला म्हणाली, “तठे जाऊ नको. आबाना आंगमा विख शे. काकानी सांगेल शे.”

चुडामण तिच्या अंगावर धावून जाणार, तोच आबांनी त्याचं मनगट धरलं. वर्षभरानंतर पहिल्यांदा. पायरीवरचा पाय त्यांनी मागं घेतला, चपला घातल्या, पिशवी त्याच्या हातातून सोडवून घेतली.

“तिले काही बोलू नको,” ते म्हणाले. “माले आते मळामा निघनं पडी.”