नावाचे आठ गुण

"चांगुणाबाई दीडशेपैकी एकशे चव्वेचाळीस, पहिली. दुर्गाबाई एकशे बेचाळीस," अंगद सरांनी निकाल वाचला आणि दुर्गाबाई ताडकन उभी राहिली.

दोन गुणांनी! चांगुणाला काना कुठं द्यायचा ते कळत नव्हतं, तेव्हा दुर्गाबाईनंच ओसरीवर खडूनं गिरवून घेतलं होतं. साक्षरतेच्या परीक्षेत जी पहिली, ती पुढच्या वर्षी गावातल्या बायकांना शिकवणार, असं ठरलेलं. फळ्यासमोर उभं राहायचं, हे दुर्गाबाईनं वर्षभर मनात धरलं होतं.

"माझा पेपर दाखवा."

तालुक्याला, घनसावंगीला तपासून आलेल्या गठ्ठ्यातून सरांनी तो काढला. वाचन बरोबर, गणितं सगळी बरोबर. शेवटच्या पानावरचा अर्ज मात्र अर्धा कोरा. पतीचे नाव: काहीच नाही. स्वतःचे पूर्ण नाव: दुर्गाबाई, मग मोकळी जागा, मग आडनाव. आठ गुण तिथंच गेले होते.

"काकू, काकांचं नाव लिहिता येत न्हाई का?"

"यायला काय झालं? झोपेत लिहीन. पण मालकाचं नाव असं उघडं घेत्यात का?"

"उखाण्यात घेता की."

"मंग उखाण्याला जागा ठेवायची व्हती पेपरात!"

बायका हसल्या. सरही हसले. "सगळ्यांना एकच पेपर, काकू. कोऱ्या जागेला गुण न्हाईत."

दुर्गाबाईनं चांगुणाचा पेपर ओढून घेतला. गणितं तीन चुकलेली. नवऱ्याचं नाव मात्र दोन्हीकडं ठसठशीत, खाडाखोड नाही.

"लई सराईत हात है गं तुझा. लाज न्हाई वाटली?"

चांगुणाबाई चिडली नाही.

"कशाची लाज, अक्का? अठरा वर्षं झाली, दुसरीशी घर थाटून बसलाय तो. कोर्टात, तहसीलात, रेशनला, पोरीच्या शाळेत, जिथं गेले तिथं त्याचंच नाव इचारलं. सांगून सांगून जीभ निबर झाली."

शाळेच्या फाटकाशी दुर्गाबाईचा नवरा सायकल धरून उन्हात थांबला होता. चांगुणाबाईनं तिकडं एकदा पाहिलं. मग सरांकडं वळली.

"सर, वर्ग अक्काला द्या. मला तिनंच शिकवलंय." तिनं दुर्गाबाईच्या पेपरातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पण अक्का, तुला ही जागा कोरी ठेवता येती, हे बघून माझा जीव किती जळला, ते मी कोणत्या पेपरात लिहू?"