फेब्रुवारीतले टोमॅटो

आमचा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा शेतकरी बाजार बारा महिने भरतो, म्हणून लोकांना वाटतं टोमॅटोही बारा महिने पिकतात. भर फेब्रुवारीत माझ्या टेबलावर गाजरं, बटाटे आणि कोबी, दुसरं काय असणार? तरी म्हातारा वेंडेल दर शनिवारी बुटांवरचा बर्फ झटकत येतो आणि विचारतो, "टोमॅटो आलेत का गं?"

आज माझं डोकंच फिरलं.

"आजोबा, शेतात गुडघाभर बर्फ आहे. टोमॅटो काय खिशातून काढू? ऑगस्टमध्ये या. एवढी घाई असेल तर सुपरमार्केटात जा, तिथे ढिगानं पडलेत, रबरासारखे."

"शेवटी तिथलेच नेतो, पोरी. दर शनिवारी, इथून परत जाताना," तो कानटोपी काढत म्हणाला. "बायको टोमॅटोचं सँडविच मागते. महिना कुठला, वर्ष कुठलं, तिला आता काही कळत नाही."

"मग टोमॅटो कुठलाही असला तरी तिला काय कळणार?"



"मला ती ओळखत नाही. पण टोमॅटो तुझा नाही, हे पहिल्याच घासाला ओळखते."